कानाझावाची लाकडी गल्ली बघून आलेल्या सुताराचं पत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, धंद्यानं सुतार. वडील सुतार होते, आजोबा पण सुतारच. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गल्लीतला एक वाडा पाडायचा ठरला तेव्हा ठेकेदाराचा मला फोन आला, म्हणाला मिस्त्री, पुढच्या सोप्याचे सहा खांब आणि वरच्या महिरपी न फुटता उतरवून द्या, एका हॉटेलवाल्यानं सांगून ठेवलंय. पैसे चांगले देत होता. असलं काम मी याआधी चार वाड्यांचं केलंय, जेसीबीनं सागवान फोडण्यापेक्षा आपल्या हातानं उतरवलेलं बरं असं तेव्हा वाटायचं. यावेळी मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते सांगायलाच हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण जागा द्या ही विनंती.

झालं असं की डिसेंबरमध्ये मी आणि आमची मंडळी जपानला जाऊन आलो. थोरली लेक तिथं कानाझावा शहरात शिकायला आहे, दोन वर्षं झाली, आई-आण्णा एकदा या बघायला म्हणून मागं लागली होती. टोकियोवरनं बुलेट ट्रेननं अडीच तास लागतात, ही गाडी तिथपर्यंत 2015 साली पोचली. शहर केवढं म्हणाल तर साडेचार लाखाच्या थोडी वर वस्ती, म्हणजे आपल्या कोल्हापूरपेक्षा लहानच. दोन बाजूला दोन नद्या, एक साई आणि एक आसानो. मधे किल्ला. 1583 साली माएदा तोशिइए नावाचा सरदार त्या किल्ल्यात आला आणि पुढं त्याच्या घराण्यानं जवळजवळ तीनशे वर्षं तिथं कारभार केला, तलवारीपेक्षा कलाकुसरीवर पैसा घातला असं लेक सांगत होती. लाकूडकाम, लाखकाम, कापड, मातीची भांडी, सोन्याचा वर्ख, सगळं तिथं. जपानातला सोन्याचा वर्ख जवळजवळ सगळा या एकाच गावात तयार होतो. आपली सोनारांची गुजरी पेठ आणि कोल्हापुरी साज डोळ्यापुढं आला मला. आणि दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले नाहीत, म्हणून जुन्या गल्ल्या राहिल्या.

पण जुनं गाव म्हणून पडीक असेल असं समजू नका. स्टेशन बघूनच मी थक्क झालो, वर काचेचा अवाढव्य घुमट आणि त्याच्यापुढं लाकडाची प्रचंड कमान, तिचे दोन खांब पिळदार, डमरूसारख्या एका जपानी वाद्याच्या आकाराचे. ही कमान 2005 ची, म्हणजे नवीच, पण लाकूड वापरायला लाजले नाहीत. शहरात मॉल आहेत, उंच हॉटेलं आहेत, 2004 साली बांधलेलं काचेचं गोल म्युझियम आहे. बसनं पंधरा मिनिटं गेलं, उतरून रस्ता ओलांडला, दोन वळणं घेतली, की एकदम दोनशे वर्षं मागं गेल्यासारखी गल्ली लागते. हिगाशी चाया म्हणतात तिला. हिगाशी म्हणजे पूर्व, चाया म्हणजे चहाघर, पण ही चहाची टपरी नव्हे, व्यापारी आणि पैसेवाली माणसं गाणंबजावणं ऐकायला, नाच बघायला यायची ती घरं. 1820 साली तिथल्या राज्यकर्त्यांनी गावभर विखुरलेली असली घरं गोळा करून एका जागी वसवली. आपल्याकडं पेशवाई बुडून दोनच वर्षं झाली होती तेव्हा. त्यातलं शिमा नावाचं घर 1820 चंच आहे, अजून तसंच उभं आहे आणि आत जाऊन बघता येतं.

आम्ही गेलो त्या दिवशी बारीक पाऊस होता. कानाझावात एक म्हण आहे म्हणे, जेवणाचा डबा विसरला तरी चालेल पण छत्री विसरू नको. आपल्या गगनबावड्याकडच्या माणसाला पटेल अशी म्हण. दगडी फरसबंदीवर पाणी, दोन्ही बाजूला काळपट तपकिरी लाकडाची दुमजली घरं, वर काळी चकचकीत कौलं. वर बघितलं तर आकाशच, वायरींचं जाळं नाही. एसीचा बाहेरचा डबा लाकडी जाळीच्या मागं. मी तिथं दहा मिनिटं नुसता उभा होतो, मंडळी म्हणाली चला की पुढं, पण माझे पाय हलेनात.

सुताराचं लक्ष पहिल्यांदा जातं ते जाळीवर. खालच्या मजल्याला सगळीकडं बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी आहे, तिला किमुसुको म्हणतात. लांबून बघितलं तर वाटतं साध्या चौकोनी पट्ट्या ठोकल्यात. जवळ जाऊन वाकून बघितलं तेव्हा कळलं की प्रत्येक पट्टी बाहेरून रुंद आणि आत निमुळती होत गेलीय. त्यामुळं आत बसलेल्याला रस्ता नीट दिसतो, रस्त्यावरच्याला मात्र आतलं काही दिसत नाही, आणि उजेड वारा दोन्ही येतं. किती विचार करून केलेलं काम आहे ते. मी पट्टीवर बोट फिरवणार इतक्यात लेक म्हणाली, आण्णा, हात नका लावू, लोकं राहतात आत. खरंच आतनं भांड्यांचा आवाज येत होता.

शिमाच्या आत गेलो. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांच्या भिंती गडद तांबड्या, चटयांचा वास, सरकते कागदी पडदे. लेकीनं वाचून सांगितलं की त्या काळी साध्या लोकांना दोन मजली घर बांधायला बंदी होती, या चहाघरांना तेवढी परवानगी होती, म्हणून माडी एवढी उंच आणि नटवलेली. जिन्याची फळी, चौकटीचा कोपरा, सगळीकडं जोड असा की मधे नखही जाणार नाही. आपल्याकडं जुन्या वाड्यात गणेशपट्टीचा जोड असाच असायचा. माझे वडील म्हणायचे जोड डोळ्याला दिसला तर सुताराची मजुरी कापा.

आता खरी गोष्ट सांगतो. मुख्य गल्ली सोडून मागच्या बोळात शिरलो तर एका घराचं काम चालू होतं. पुढं निळी ताडपत्री, आत दोन सुतार, एक माझ्या वयाचा आणि एक पंचविशीतला पोरगा. खांबाचा खालचा फूटभर भाग सडला होता. आपल्याकडं काय करतात? खांब काढून टाकतात, सिमेंटचा कॉलम उभा करतात, संपलं. त्यांनी खांबाला वर जॅक लावून उचलून धरला होता, सडलेला तेवढाच तुकडा कापला होता आणि नव्या लाकडाचा तुकडा खालनं बसवत होते. जोड सरळ नाही, पायऱ्यापायऱ्यांचा, एकात एक अडकणारा, वरनं वजन आलं की अजून घट्ट बसणारा. खाली दगड, आपल्या तळखड्यासारखाच. खिळा एकही नाही. या कामाला नेत्सुगी म्हणतात, ने म्हणजे मूळ, त्सुगी म्हणजे जोड. म्हाताऱ्या झाडाला नवं मूळ लावल्यासारखं.

मी तिथं तासभर उभा. त्यांचा रंधा उलटा चालतो, आपण पुढं ढकलतो, ते स्वतःकडं ओढतात, करवत पण ओढतानाच कापते. छिलका असा निघत होता की त्यातनं पलीकडचं दिसावं. थोरल्या सुतारानं मला बघितलं, माझे हात बघितले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कापलेला सडका तुकडा उचलून माझ्या हातात दिला. लेकीनं सांगितलं वडील भारतात सुतार आहेत. तो वाकला, मी पण वाकलो. मग त्यानं पोराला थांबवलं आणि जोड उघडून दाखवला, आतला कुसू कसा कापलाय ते. भाषा लागली नाही. बोट दाखवलं की कळत होतं. माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. वडील गेल्यावर कुणी मला असा जोड उघडून दाखवला नव्हता.

रात्री मी लेकीला विचारलं, हे खर्च कोण करतं, नियम काय, सगळं शोधून सांग. तिनं शोधून, वाचून सांगितलं ते आपल्याकडच्या लोकांनी ऐकण्यासारखं आहे.

कानाझावा महापालिकेनं 1968 सालीच स्वतःचा नियम केला की गावाचा जुना चेहरा जपायचा, जपानात कुठल्या महापालिकेनं केलेला असला तो पहिला नियम. तेव्हा सगळ्या जपानात सिमेंटच्या इमारती धडाधड उभ्या राहत होत्या हे लक्षात घ्या. मग 1975 साली तिथल्या सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली, की एकेकटी इमारत नव्हे, जुन्या इमारतींचा अख्खा समूह, म्हणजे गल्लीच्या गल्ली जपायला घ्यायची. आज देशभरात अशा शंभरावर वस्त्या आहेत, एकट्या कानाझावात चार. हिगाशी चाया त्यात 2001 साली आली. आणि केवढी जागा म्हणाल, सगळी मिळून 1.8 हेक्टर, म्हणजे साधारण साडेचार एकर. एवढीच. आपल्या एका पेठेच्या कोपऱ्याएवढी.

नियम काय तर घराचा रस्त्याकडचा चेहरा, कौल, उंची, जाळी, रंग, याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आत मात्र नळ घ्या, टॉयलेट करा, एसी बसवा, दुकान काढा, राहा, तुमचं घर आहे. आणि बाहेरची दुरुस्ती जुन्या पद्धतीनं केली तर खर्चाचा मोठा वाटा महापालिका आणि सरकार देतं. मालकाला नुसतं बंधन घालून मोकळे होत नाहीत. हे मला सगळ्यात पटलं. आपल्याकडं जुन्या घराला हेरिटेज म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला वाटतं आता ना पाडता येणार, ना दुरुस्त करता येणार, आणि पैसा देणार कोण?

एक गोष्ट मात्र नीट सांगायला पाहिजे. हिगाशी चाया सगळी गोडगोड नाही. दुपारी अकरा ते चार तिथं गर्दी असते, बऱ्याच घरांत आता सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम आणि वस्तूंची दुकानं आहेत, राहणारी माणसं कमी झालीत, गाणंबजावणं करणाऱ्या गेइको थोड्याच उरल्यात. आम्ही दुसऱ्यांदा सकाळी सातला गेलो तेव्हा एक आजी दारापुढचा दगड पाणी टाकून घासत होती, तेव्हा ती गल्ली गल्ली वाटली. आणि बाकीच्या शहरात जुनी लाकडी घरं अजून पाडली जातातच, म्हणून तर 2013 साली महापालिकेनं जुन्या घरांसाठी वेगळा नियम काढला, 1950 च्या आधीचं लाकडी घर असेल तर ते मोडण्याआधी विचार व्हावा, कुणाला घ्यायचं असेल तर त्याला सांगता यावं म्हणून. म्हणजे त्यांचीही लढाई संपलेली नाही. पण ते लढतायत.

दुसरी एक वस्ती बघितली, नागामाची, सामुराई लोकांची. मातीच्या उंच भिंती, वर कौलांची टोपी, बाजूनं पाटाचं पाणी वाहतंय स्वच्छ, गावात असे पाट पन्नासावर आहेत म्हणे. डिसेंबर असल्यामुळं भिंतींना पेंढ्याच्या चटया बांधल्या होत्या, बर्फानं माती फुगून सुटू नये म्हणून. दरवर्षी बांधतात, दरवर्षी मार्चमध्ये सोडतात. पाट बघून आपलं कपिलतीर्थ आणि वरुणतीर्थ आठवलं. एकाचं मार्केट झालं आणि एकाचं गांधी मैदान. तळ्यांचं गाव होतं हे, असं आजोबा सांगायचे. त्याबद्दल आज जास्त लिहीत नाही, ते वेगळं दुखणं आहे.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच केला ते सांगतो. नेत्सुगी करणारा तो पंचविशीतला पोरगा कुठनं शिकला हे मी लेकीला त्याला विचारायला लावलं होतं. त्यानं थोरल्या मिस्त्रीकडं बोट दाखवलं. आणि थोरला कुठं शिकला? तर वडिलांकडं, आणि मग शाळेत. शाळेत? मी म्हटलं सुताराची कसली शाळा. तर कानाझावा महापालिकेनं 1996 साली कारागिरांसाठी शाळा काढलीय, शोकुनिन दाइगाक्को. शोकुनिन म्हणजे कारागीर. नऊ कामं शिकवतात तिथं: सुतारकाम, दारं-खिडक्या, दगडकाम, कौलं, गिलावा, पत्राकाम, तातामी चटया, बागकाम, आणि कागदी पडदे-गुंडाळ्यांचं काम. नवशिक्यांसाठी नाही, धंद्यात मुरलेल्या माणसांसाठी, तीन वर्षांचा कोर्स, संध्याकाळी काम संपवून यायचं. फी नाही. ते जुनं ज्ञान जपतायत ते या गल्ल्यांसाठीच, कारण त्यांना कळलं की नियम कितीही केले तरी सडलेला खांब जोडणारा माणूसच नसेल तर त्या गल्लीचं काय होणार.

ती शाळा आहे एका जुन्या सूतगिरणीच्या आवारात. गिरणी बंद पडल्यावर महापालिकेनं जागा घेतली, विटांची गोदामं पाडली नाहीत, त्यातच नाटक आणि संगीताच्या तालमीचं केंद्र केलं, ते पण 1996 सालीच, चोवीस तास उघडं असतं. आम्ही गेलो त्या दिवशी शाळेत आत जायला मिळालं नाही, पण बाहेरून गोदामांच्या भिंती बघितल्या, एका गोदामात पोरं ढोल वाजवत होती. मला उभ्या उभ्या आपली शाहू मिल आठवली. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांनी काढलेली गिरणी, बंद पडून वीस वर्षांच्या वर झाली. माझे मामा तिथं कामाला होते, भोंग्यावर घड्याळ लावायचो आम्ही.

किल्ल्यातही गेलो. 1881 च्या आगीत तो बराचसा जळाला होता. 2001 साली त्यांनी त्यातला एक लांबच लांब भाग परत उभा केला, जुन्या पद्धतीनं, लाकडाचे जोड देऊन. आत जोडांचे नमुने ठेवलेत, लहान पोरांनी हातात घेऊन जुळवून बघायचे. शंभर वर्षांच्या वर गेली तरी त्यांच्याकडं ते बांधणारी माणसं होती. मला आपलं केशवराव भोसले नाट्यगृह दिसायला लागलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा मी खासबागेच्या कोपऱ्यावर उभा होतो, अख्खं गाव रडत होतं. ते परत उभं करायचं ठरलं याचा आनंद आहेच. पण त्यातलं लाकूडकाम करायला माणसं कुठली येणार, कोल्हापूरची असतील का, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडतोच.

संपादक साहेब, आपण मोठ्या वास्तू जपतो. भवानी मंडप आहे, न्यू पॅलेस आहे, टाऊन हॉल आहे, खासबाग मैदान आहे. त्याचा अभिमान आहेच. पण त्यांच्या मधल्या पेठा? मंगळवार, शुक्रवार, बुधवार, शिवाजी पेठ, गुजरी, महाद्वार रोडच्या मागचे बोळ. तिथले वाडे एकेक करून जातायत, आणि एकेक जातात म्हणून कुणाला कळत नाही. आज एक गेला, त्याच्या जागी चार मजली उभं राहिलं, शेजारच्याच्या घरात उजेड येईना, मग दोन वर्षांनी तो पण विकतो. दात पडल्यासारखं आहे, एक पडला की शेजारचा हलायला लागतो.

मालकांना मी दोष देत नाही. मी त्यांच्या घरात काम केलंय, मला माहिती आहे. सात भावांचा वाडा, प्रत्येकाची पोरं पुण्या-मुंबईला, कागदावर बावीस नावं. खाली भाडेकरू, भाडं महिन्याला चहाच्या पैशाएवढं. पावसाळ्यात कौलं गळतात, शाकारायला माणूस मिळत नाही. मोटारसायकल लावायला जागा नाही. म्हातारी माणसं जिना चढू शकत नाहीत. अशा घराला हे आमचं वैभव म्हणून जपा असं सांगणं सोपं आहे, पण त्यांच्या हातात काही दिल्याशिवाय सांगायचा आपल्याला अधिकार नाही असं मला वाटतं.

म्हणून मागणी लहान करतो. अख्खं जुनं कोल्हापूर जपा असं मी म्हणत नाही. एक गल्ली निवडा. एकच. जिच्यात अजून पाच-सहा वाडे ओळीनं उभे आहेत अशी. कानाझावानं साडेचार एकर घेतले, आपण एक एकर घेऊया. त्या घरांच्या पुढच्या बाजूला, सोपा, खांब, दिंडी दरवाजा, वरची गॅलरी, कौल, एवढ्याला हात लावायचा नाही, आणि मागं परड्यात मालकाला पाहिजे ते बांधू दे. पुढच्या बाजूच्या दुरुस्तीचा खर्च महापालिका आणि सरकारनं मिळून उचलावा. आमच्या ओळखीच्या एका आर्किटेक्टनं सांगितलं की आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीतही हेरिटेज परिसर ही सोय आहे आणि मालकाला टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या रूपानं मोबदला देता येतो. म्हणजे कायद्याला हात लावायला नको, फक्त कुणीतरी बसून करायला पाहिजे.

आणि दुसरी मागणी, माझ्या दृष्टीनं पहिलीच. कारागीर. वाड्याचं काम येणारे सुतार आपल्या गावात आता हाताच्या बोटावर मोजण्याएवढे राहिलेत, आणि सगळे साठीच्या पुढचे. चुन्याचा गिलावा करणारे त्याहून कमी. माझा स्वतःचा मुलगा मॉड्युलर किचन करतो, चांगलं करतो, प्लायवूड आणि लॅमिनेटमध्ये त्याचा हात बसलाय, पण तळखड्यावर खांब कसा बसतो, तुळईवर कडीपाट कसा टाकतात, हे त्याला येत नाही कारण त्याला ते काम कधी मिळालंच नाही. 2020 साली युनेस्कोनं जपानच्या लाकडी इमारती जपण्याच्या कौशल्यांना अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला, लक्षात घ्या, इमारतींना नाही, हातातल्या कौशल्याला. आपल्या कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते चप्पल करणारे हात अजून आहेत म्हणून. आपल्या आयटीआयमध्ये, नाहीतर शाहू मिलच्या एखाद्या शेडमध्ये, संध्याकाळचा एक वर्ग सुरू करा, वाड्याच्या लाकूडकामाचा आणि चुन्याच्या कामाचा. शिकवणारे अजून दहा वर्षं मिळतील. त्यानंतर सांगता येत नाही.

तिसरं, हे तर उद्यापासून होईल. वाडा पाडायचाच असेल तर पाडण्याआधी त्याची मापं घ्या, फोटो काढा, जोडांचे नकाशे काढून ठेवा. गावात आर्किटेक्चरची पोरंपोरी शिकतात, त्यांना हे काम द्या. मी चार वाडे उतरवले, त्यातल्या एकाचंही मापाचं कागद कुठं नाही. खांब कुठं गेले ते मला माहिती आहे, एका ढाब्यावर दोन आहेत, त्यांच्यावर मोबाईलची जाहिरात चिकटवलीय. पण ते खांब वाड्यात कसे उभे होते, वरची महिरप किती अंतरावर होती, हे आता फक्त माझ्या डोक्यात आहे.

तो शेजारच्या गल्लीतला वाडा शेवटी गेलाच. मी नाही म्हटलं म्हणून तो राहणार नव्हता. ठेकेदारानं दुसरीकडनं माणसं आणली, दोन खांब उतरवताना फुटले. एक तळखडा गल्लीतच पडला होता, तीन दिवस पडून होता, मग मी आणि मुलानं हातगाडीवर घालून घरी आणला. परड्यात ठेवलाय.

वडिलांनी केलेले पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे साचे माझ्याकडं आहेत, महिरपींचे, खांबाच्या केळीच्या फुलाचे, गणेशपट्टीचे, तीसेक असतील, एका ट्रंकेत. जपानहून आणलेली ओढून चालणारी एक करवत पण आहे, लेकीनं घेऊन दिलेली. कुणाला शिकायचं असेल, शाळकरी पोरगा असू दे नाहीतर इंजिनियर, मुलगी असू दे, दर रविवारी सकाळी आठ ते अकरा मी घरी असतो. पैसे घेणार नाही. तुमच्या कार्यालयात माझा पत्ता दिलाय, विचारणाऱ्याला द्या. पहिल्या रविवारी तो सडक्या खांबाचा जोड शिकवीन, तळखडा आहेच.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर